क्रुसाचं शीड चौलच्या खाडीत

साधारण १३२४ साली ठाण्याहून एक पत्र युरोपकडे गेलं. लिहिणारा जॉर्डानस हा दक्षिण फ्रान्सकडचा डोमिनिकन संन्यासी होता. तीन वर्षांपूर्वी, १३२१ च्या एप्रिलात, त्याचे चार फ्रान्सिस्कन सोबती ठाण्यात मारले गेले होते. ते उतरले होते एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाकडे. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्यानं हात उचलला, बाई तक्रार घेऊन काझीकडे गेली. साक्षीला या परदेशी साधूंना बोलावलं, तिथं बोलण्यातून बोलणं वाढून धर्माचा वाद पेटला, आणि पैगंबरांविषयी विचारल्यावर त्यांनी जे उत्तर दिलं त्यापायी त्यांचा जीव गेला. जॉर्डानस त्या वेळी ठाण्यात नव्हता. परत आल्यावर त्यानं सोबत्यांची प्रेतं सोपाऱ्याला नेऊन पुरली. आपण आज लोकलनं ज्या नालासोपाऱ्याला उतरतो, तेच हे सोपारा.

पत्रात त्यानं दुःख मांडलं, एकटेपण मांडलं आणि एक सूचनाही केली. पोपनं या समुद्रात दोनच लढाऊ गलबतं ठेवली, तर इजिप्तच्या सुलतानाचं केवढं नुकसान होईल, अशा अर्थाची. ठाण्यात बसून कैरोच्या सुलतानाची नाडी कुठं आहे हे या माणसानं बरोबर ओळखलं होतं. आमच्याकडच्या परंपरेप्रमाणे संत नामदेवांचा जन्म १२७० चा आणि समाधी १३५० ची. म्हणजे हे पत्र लिहिलं गेलं तेव्हा आमच्या नरसीचे नामदेव हयात होते.

मी आखाडा बाळापूरचा. घरचा धंदा हळदीचा. शेतकऱ्यानं शिजवून, वाळवून, ढोलात घासून आणलेली हळद घ्यायची, हिंगोलीच्या नाहीतर वसमतच्या बिटात न्यायची, माल चांगला असला तर सांगलीच्या पेठेचा भाव विचारायचा. दुकानात दिवसभर माणसांचा राबता असतो. हल्ली त्यांच्या मोबाइलवर धर्मयुद्धांचे व्हिडिओ येतात. कुणाच्या मोबाइलवर क्रुसेडमध्ये मुसलमानांनी काय केलं ते, कुणाच्या मोबाइलवर ख्रिश्चनांनी काय केलं ते. खाली सालांचा, गावांचा पत्ता नसतो. पोतं शिवता शिवता पोरं मला विचारतात, "काका, हे खरं का?" हा लेख मी त्या प्रश्नासाठी लिहितो आहे. मसाल्याच्या मालावर पोट असलेल्या माणसाला या युद्धांशी आपला काय संबंध, असं म्हणता येत नाही. ती लढाई आपल्या किनाऱ्यापर्यंत आली होती, आणि आलीही होती मसाल्याच्याच वाटेनं.

मूळ गोष्ट अशी. २७ नोव्हेंबर १०९५ रोजी फ्रान्समधल्या क्लेरमाँ गावी पोप दुसरा अर्बन यानं मोठ्या सभेपुढं आवाहन केलं, की पूर्वेकडच्या ख्रिस्ती बांधवांच्या मदतीला जा आणि जेरुसलेम सोडवा. जो जाईल त्याच्या पापांचं प्रायश्चित्त त्या वाटेवरच होईल, असं आश्वासन दिलं. लोकांनी अंगरख्यावर कापडाचा क्रूस शिवला आणि ते निघाले. काहींनी त्यासाठी जमिनी गहाण टाकल्या, काहींनी विकल्या. वाटेत ऱ्हाइन नदीकाठच्या शहरांत यांतल्याच टोळ्यांनी ज्यूंची कत्तल केली. १५ जुलै १०९९ ला जेरुसलेम पडलं. त्या दिवशी आणि पुढच्या दिवसांत शहरातल्या मुसलमानांचं आणि ज्यूंचं जे हत्याकांड झालं, ते ख्रिस्ती इतिहासकारांनीच अभिमानानं लिहून ठेवलं आहे.

अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, ४ जुलै ११८७ ला, हत्तीनच्या रणात सुलतान सलाहुद्दीननं क्रुसेडवाल्यांची फौज मोडली आणि २ ऑक्टोबरला जेरुसलेम घेतलं. त्यानं कत्तल केली नाही, खंडणी ठरवली: पुरुषामागे दहा दिनार, बाईमागे पाच. ज्यांना भरता आली ते सुटले, अनेकांना फुकट सोडलं, उरलेले हजारो गुलाम म्हणून विकले गेले. या वाक्याचा पहिला अर्धा एका व्हिडिओत असतो आणि दुसरा अर्धा दुसऱ्या व्हिडिओत. दोन्ही अर्धे मिळून खरे आहेत.

पुढच्या शंभर वर्षांत मोहिमांमागून मोहिमा निघाल्या. १२०४ साली तर क्रूस अंगावर घेऊन निघालेल्या सैन्यानं कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहरच लुटलं. उलट १२२९ मध्ये सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि इजिप्तचा सुलतान अल-कामिल यांनी तह करून जेरुसलेम ख्रिश्चनांकडे दिलं. त्यासाठी लढाई झाली नाही. त्या दोघांना आपापल्या माणसांनी शिव्या घातल्या. शेवटी १२९१ मध्ये इजिप्तच्या मामलुक सुलतानानं अक्का हे बंदर जिंकलं आणि सीरियाच्या किनाऱ्यावरचं क्रुसेडवाल्यांचं राज्य संपलं. शाळेच्या पुस्तकातला धडा बहुधा इथं संपतो.

युद्ध मात्र इथं संपलं नाही, त्यानं वाट बदलली. ती वाट जॉर्डानसला ठाण्यात बसून दिसत होती. मामलुकांच्या तिजोरीत पैसा कुठून येतो? मलबारची मिरी, सुंठ, दालचिनी गलबतांतून एडनला जायची, तिथून जेद्दा, तिथून कैरो आणि अलेक्झांड्रिया. तिथं व्हेनिसचे व्यापारी वाट बघत बसलेले. प्रत्येक नाक्यावर जकात. पुढं पंधराव्या शतकात बार्सबाय नावाच्या सुलतानानं मिरीचा व्यापार सरकारी मक्त्यातच घेतला. अक्का पडल्यावर पोपनं इजिप्तशी व्यापार करायला बंदी घातली होती, पण व्यापारी ती पाळत नव्हते. म्हणून काही धर्मगुरूंच्या डोक्यात आलं, की गिऱ्हाईक ऐकत नसेल तर माल जिथून येतो तिथंच वाट अडवावी. मात्र हिंदी महासागरात गलबतं आणायची कशी, हा प्रश्न होता. आफ्रिकेला वळसा घालायची वाट तेव्हा युरोपात कुणाला ठाऊक नव्हती.

ती वाट शोधली पोर्तुगालनं, आणि पोर्तुगाल हा देशच या युद्धातून घडला होता. त्यांची राजधानी लिस्बन ११४७ साली मुसलमानांकडून घेतली गेली, तेव्हा जेरुसलेमला निघालेल्या क्रुसेडच्या गलबतांनीच वाकडी वाट करून मदत केली होती. पुढं टेम्पलर या लढवय्या धर्मसंघावर पोपनं बंदी घातल्यावर पोर्तुगालच्या राजानं १३१९ मध्ये त्याचीच मालमत्ता घेऊन 'ऑर्डर ऑफ ख्राइस्ट' हा नवा संघ उभा केला. राजपुत्र हेन्री या संघाचा प्रमुख होता आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मोहिमांना संघाचा पैसा लागला. वास्को द गामाच्या शिडांवर जो लाल क्रूस होता, तो याच संघाचा. मे १४९८ मध्ये कालिकतला उतरलेली माणसं मसाले आणि ख्रिस्ती लोक असं दोन्ही शोधत होती. पूर्वेला कुठंतरी एक ख्रिस्ती सम्राट आहे आणि त्याच्याशी हात मिळवला की मुसलमानांना दोन्हीकडून दाबता येईल, अशी त्यांची खात्री होती. कालिकतच्या देवळाला ते चर्च समजले आणि तिथं त्यांनी हात जोडले. १५०२ च्या दुसऱ्या सफरीत याच वास्को द गामानं मक्केहून परतणारं 'मीरी' नावाचं जहाज माणसांसकट जाळलं. त्यात बायका आणि लेकरंही होती.

दुकानात हे सांगितलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "शेवटी सगळं धंद्यासाठीच." मी धंदेवाला माणूस आहे, तरी मला हे पटत नाही. मिरीचा नफा हवा असणारा माणूस यात्रेकरूंचं जहाज लुटून सोडून देतो. जाळतो तो दुसऱ्या कुठल्यातरी हिशोबानं. गोवा जिंकणाऱ्या अफोंसो द अल्बुकर्कच्या मुलानं १५५७ मध्ये बापाची हकीकत छापली. तीत अल्बुकर्कचे दोन बेत आहेत. पहिला, डोंगर फोडून नाईल नदीचं पाणी तांबड्या समुद्राकडे वळवायचं आणि इजिप्त वाळवायचं. दुसरा, ४०० घोडेस्वार घेऊन मदिनेवर झडप घालायची, पैगंबरांचे अवशेष उचलायचे आणि त्यांच्या बदल्यात जेरुसलेम मागायचं. हे व्यापाऱ्याचे बेत नाहीत. ही माणसं मनापासून धर्मयुद्ध लढत होती, आणि म्हणूनच त्यांची भीती वाटायला हवी. धर्म म्हणजे नुसता मुखवटा असं म्हटलं की आपण त्यांची क्रूरता नीट समजूनच घेत नाही.

आता चौल. रायगड जिल्ह्यात कुंडलिका खाडीच्या तोंडाशी असलेलं हे बंदर तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीचं होतं. मार्च १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा तरुण मुलगा लोरेन्सो इथं काही गलबतं घेऊन नांगरला होता. समुद्राकडून शिडं दिसली. ती होती मामलुक सुलतानाच्या आरमाराची. ज्या सल्तनतीनं अक्का घेतलं, त्याच सल्तनतीचं आरमार, सेनापती अमीर हुसेन कुर्दी. दीवचा सुभेदार मलिक अयाझ त्याला येऊन मिळाला. खाडीतून निसटताना लोरेन्सोचं जहाज कोळ्यांनी मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं. तोफेच्या गोळ्यानं त्याचा पाय मोडला, तरी तो डोलकाठीशी बसून हुकूम देत राहिला. दुसऱ्या गोळ्यानं त्याला संपवलं. जेरुसलेमसाठी चारशे वर्षांपूर्वी सुरू झालेली लढाई आपल्या कोळ्यांच्या खुंटांपाशी येऊन पोचली होती.

मुलाच्या सुडासाठी बाप निघाला. वाटेत डिसेंबर १५०८ च्या अखेरीस त्यानं आदिलशाहीतलं दाभोळ बेचिराख केलं. लोरेन्सोच्या मरणाशी दाभोळकरांचा काडीचा संबंध नव्हता. ३ फेब्रुवारी १५०९ ला दीवसमोर मामलुक आरमार बुडालं. त्या लढाईतले सुलतानाचे झेंडे पोर्तुगालला तोमारच्या मठात गेले, म्हणजे पूर्वी टेम्पलरांचं आणि मग ऑर्डर ऑफ ख्राइस्टचं जे मुख्य ठाणं, तिथं.

इथपर्यंत ऐकलं की वाटतं, एका बाजूला क्रूस, एका बाजूला चंद्रकोर, चित्र सरळ आहे. मला या इतिहासात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की जमिनीवर ते चित्र एकदाही सरळ उभं राहिलं नाही. मामलुकांना या मोहिमेसाठी चिथावणारे होते व्हेनिसचे ख्रिस्ती लोक. मिरीची वाट तुटली तर आपण बुडू, म्हणून त्यांनी कैरोला वकील धाडले होते. मलिक अयाझनं दीवला वारा बघितला, पोर्तुगीज कैदी सांभाळून परत केले आणि तह केला. १५१० साली अल्बुकर्कला गोव्यावर चाल करायला सांगणारा आणि सोबत येणारा तिमय्या हिंदू होता. २५ नोव्हेंबर १५१० ला गोवा पडलं तेव्हा अल्बुकर्कनं मुसलमान बायका-पोरांसकट कापून काढले आणि तसं स्वतः राजाला कळवलं. हिंदूंना त्या वेळी अभय मिळालं. पण पन्नास वर्षांत, १५६० मध्ये, गोव्यात धर्मन्यायालय आलं आणि पुढच्या काही वर्षांत बारदेश-साष्टीतली देवळं पाडली गेली. पहिल्या दिवशी ज्यांना वाटलं हे आपलं भांडण नाही, त्यांच्या नातवंडांच्या दारात ते भांडण आलं.

आणि निजामशाही. हे घराणं आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचं. फरिश्ता हा इतिहासकार स्वतः नगरच्या दरबारी होता. तो सांगतो, की पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्णी घराण्यातल्या भैरवाचा मुलगा तिमाभट विजयनगरकडे असताना बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि मलिक हसन म्हणून चढत चढत बहमनी राज्याचा कारभारी झाला. त्याच्या मुलानं, मलिक अहमदनं, १४९० मध्ये निजामशाही उभी केली. नातू बुऱ्हाण निजामशहा याला पूर्वजांचं पाथरी हवं होतं. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत. त्यानं बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, इमादशहा ऐकेना, तेव्हा १५१८ मध्ये ते लढून घेतलं आणि तिथल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिलं. याच बुऱ्हाणनं १५२१ मध्ये पोर्तुगिजांना चौलला किल्ला बांधायची परवानगी दिली, कारण त्याला समुद्रावाटे येणारे अरबी घोडे हवे होते. नगरच्या तोफा ओतायला तुर्कस्तानाकडचे कारागीर यायचे. विजापूरला आज जी मुलुख-मैदान तोफ बघायला मिळते, ती १५४९ मध्ये नगरला एका रूमी कारागिरानं ओतलेली.

या बुऱ्हाणचा नातू मुर्तझा. १५६५ ला विजयनगर मोडल्यावर दख्खनच्या सुलतानांचे हात मोकळे झाले होते. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहानं चौलला वेढा घातला, विजापूरच्या अली आदिलशहानं गोव्याला, आणि पाठोपाठ कालिकतच्या सामुद्रीनं, म्हणजे झामोरिननं, पोर्तुगिजांच्या चालियम किल्ल्याला. एकाच वेळी तिन्हीकडून पोर्तुगीज उपटून काढायचे असा बेत. सामुद्री हिंदू राजा. मलबारचा विद्वान झैनुद्दीन मखदूम यानं पोर्तुगिजांविरुद्ध जिहाद पुकारणारा अरबी ग्रंथ लिहिला, 'तुहफतुल मुजाहिदीन'. तो अली आदिलशहाला अर्पण केलेला आहे, आणि त्यात मुसलमानांचा पाठीराखा म्हणून या हिंदू सामुद्रीची स्तुती आहे. लिहिणारा सुन्नी, ज्याला अर्पण केला तो सुलतान शिया, ज्याची स्तुती केली तो हिंदू.

चौलचा वेढा पावसाळ्यापर्यंत चालला. पोर्तुगीज वस्तीला तेव्हा धड तटही नव्हता. घराघरातून, मठामठातून लढाई झाली. निजामशाही फौजेचा सरदार फरहाद खान हा हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेला. शेवटी चौल पडलं नाही. फरिश्ता त्याचं कारण रोकठोक देतो: निजामशाही अंमलदारांना पोर्तुगिजांनी नजराणे देऊन, विशेषतः दारू देऊन फोडलं, आणि रात्री शिधा आत जात राहिला. जुलै १५७१ मध्ये तह झाला. गोव्याचा वेढाही फसला. जिंकला तो एकटा सामुद्री, त्यानं चालियम घेतलं. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला तिकडे ग्रीसच्या किनाऱ्याजवळ लेपांतो इथं पोपच्या संघानं तुर्की आरमार बुडवलं. युरोपच्या पुस्तकांत १५७१ म्हटलं की लेपांतो येतं. आपल्या पुस्तकांत त्याच वर्षाचं चौल यायला हवं, निदान एक परिच्छेद तरी.

म्हणून पोरांना मी जे सांगतो ते असं. "धर्माचं नाव घेऊन लढणारे खोटं बोलत होते, असं म्हणू नका. ते खरं बोलत होते. पण त्यांच्या पोथीत जगाची जी वाटणी होती, आपले आणि परके अशी, ती इथं कुणालाच पाळता आली नाही. पाथरीच्या कुलकर्ण्याच्या वंशातला शिया सुलतान, त्याचा हबशी सेनापती, तुर्की तोफवाले, मलबारचा हिंदू मित्र, समोर पोर्तुगीज. यातला आपला कोण, ते मला मोबाइलवरच्या त्या माणसाला विचारून सांगा." पोरं हसत नाहीत, विचारात पडतात. मग कुणीतरी काट्यावर पुढचं पोतं टाकतं.

ज्यांना डोळ्यांनी बघायचं असेल त्यांनी अलिबागहून मुरुडकडे जाताना रेवदंड्याला थांबावं. पोर्तुगिजांचं चौल ते हेच. तटाच्या आत आता नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, चर्चच्या भिंती आणि एक उंच मनोरा उभा आहे, लोक त्याला सातखणी म्हणतात. खाडीपलीकडच्या टेकडीवर कोरलईचा किल्ला. तिथं १५९४ मध्ये दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाची शिबंदी होती. पोर्तुगिजांनी तो मोठी कत्तल करून घेतला. १७४० मध्ये चौल आणि कोरलई दोन्ही मराठ्यांकडे आले आणि पोर्तुगीज निघून गेले. टेकडीच्या पायथ्याशी कोरलई गावातली ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली बोलतात, आणि बाजारात आपल्यासारखीच मराठी. किल्ल्यावर चढताना दारांवरचे पोर्तुगीज शिलालेख चुकवू नका. पाणी मात्र सोबत घ्या, चढण उन्हाची आहे.